मोकाट मृगांची मृगया



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने हरणांच्या शिकारीवर बोलावे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना तो मुद्रणदोष वाटला असेल. तो मुद्रणदोष नव्हे. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या सरांनी आम्हांला जीवशास्त्र शिकवले ते जुन्या सभागृहातील सांबराच्या शिराखाली उभे करून. कोणा सरदाराने ते शाळेला भेट दिले होते. काळविटाची शिंगे आतून हाडाची, वरून आवरणाची आणि जन्मभराची. सांबर-चितळांची भरीव, दरसाल गळून पडणारी आणि पुन्हा फुटणारी. पहिले कुरंग, दुसरे सारंग, हा भेद मी तेथे शिकलो. धडा संपला की सर त्या शिराकडे न पाहता म्हणत, "याला येथे लटकवण्याची काही गरज नव्हती."

माझे वडील ग्वाल्हेर दरबारच्या शिकारखात्यात हिशेबनीस होते. हाकेकऱ्यांची मजुरी, बैलगाड्यांचे भाडे, बांधलेल्या रेड्यांची किंमत, सारे त्यांच्या मोडी अक्षरात वह्यांतून उतरलेले असे. त्यांनी स्वतः कधी बंदूक उचलली नाही आणि आमच्या घरात मांस कधी शिजले नाही. सरांचा तो शेरा आणि वडिलांचे मौन या दोहोंतून माझे शिकारीविषयीचे मत घडले. पुढे शाकुंतल शिकवताना ते अधिकच पक्के झाले. रथावरून मृगाचा पाठलाग करणाऱ्या राजाला तपस्वी अडवतो, तेथे माझा आवाज किंचित चढत असे, असे माझे विद्यार्थी सांगतात.

अशा मनःस्थितीत २००९ साली मला एक छायाचित्र आले. पाठवणारा याच शाळेचा विद्यार्थी, व्यवसायाने पशुवैद्य, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर स्थायिक झालेला. छायाचित्रात तो एका मेलेल्या हरिणीजवळ गुडघे टेकून बसला होता. मी उलट टपाली चार ओळी लिहिल्या. त्यांतली एक अशी होती की, आपण कोणत्या शाळेत शिकलो हे यापुढे कोणास सांगू नये. त्याचे उत्तर आले नाही. आठ वर्षे आले नाही. आजचे हे व्याख्यान त्या ओळीची दुरुस्ती आहे, आणि ज्या शाळेचे नाव मी त्या ओळीत घेतले तिच्याच व्यासपीठावरून ती व्हावी, एवढ्यासाठी मी हा विषय निवडला.

प्रथम शब्दांचा विचार करू. माझा धंदाच तो. संस्कृतात 'मृग' म्हणजे आरंभी कोणताही रानपशू. म्हणूनच सिंह मृगेंद्र आणि वानर शाखामृग. पुढे अर्थ आक्रसला आणि मृग म्हणजे हरीण झाले. इंग्रजीतही हेच घडले. 'डिअर' या शब्दाच्या जुन्या रूपाचा अर्थ केवळ जनावर एवढाच होता, आणि जर्मनांचा 'टिअर' हा भाऊशब्द आजही त्याच अर्थाने नांदतो. ज्या जनावराची शिकार अधिक झाली, त्याने सगळ्यांचे नाव बळकावले, असे म्हणावे काय? 'मृगया'चा धातू शोधण्याचा आहे. त्याच परिवारात मार्ग आणि मार्गण येतात आणि आपले 'मागणे'ही तेथूनच निघाले. शिकारी आणि याचक भाषेच्या दृष्टीने एकाच घराण्यातले, ही गोष्ट मी वर्गात नेहमी गमतीने सांगत असे.

आता 'फेरल' हा शब्द. माणसाने आणलेले वा पाळलेले, पण त्याच्या हातून सुटून रानात स्वतंत्रपणे वाढलेले जनावर, असा त्याचा अर्थ. वन्य म्हणावे तर ते रान त्याचे नव्हे. पाळीव म्हणावे तर त्याला धनी नाही. आपल्याकडे रस्त्यावरच्या गुरांना आपण 'मोकाट' म्हणतो. तोच शब्द मी येथे वापरतो. त्यात माणसाच्या हलगर्जीपणाचा जो सूर आहे, तो येथे आवश्यकच आहे.

न्यूझीलंडची भूमी फार दीर्घ काळ इतर खंडांपासून तुटून राहिली. वटवाघळे सोडली तर तेथे भूचर सस्तन प्राणी मुळात नव्हतेच. पाला खाणारे होते ते पक्षी; त्यांतले मोआ हे प्रचंड पक्षी माओरी लोकांच्या आगमनानंतर काही शतकांतच नष्ट झाले. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतवाले आले. त्यांना ते रान सुने वाटले. मायदेशी शिकार ही जमीनदाराची मिरास होती. नव्या देशात ती प्रत्येकाला मिळावी, ही त्यांची हौस. १८५१ साली तांबड्या हरणांचा पहिला प्रयत्न झाला. १८६१ मध्ये नेल्सनजवळ सोडलेली हरणे तगली. प्राणी रुळवण्यासाठी खास मंडळ्या स्थापन झाल्या. १८७५ च्या सुमारास श्रीलंकेहून सांबर गेले. १९०४ मध्ये हिमालयातले तहर, १९०५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या भेटीतून वापिटी, १९०७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडून शॅमॉय. राजेरजवाड्यांनी एकमेकांना शालजोडी पाठवावी तशी ही जनावरे गेली. आपण ग्वाल्हेरकरांनी याला हसू नये. याच काळात आपल्या दरबारानेही आफ्रिकेतून सिंह आणवून श्योपूरकडच्या रानात सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर उठले, तेव्हा त्यांचा बंदोबस्त करावा लागला.

न्यूझीलंडमधील हरणांना खाणारे कोणी नव्हते. वाघ नाही, बिबळ्या नाही, कोळसुंदा नाही, लांडगा नाही. येथे थोडे गणित सांगतो, कारण सारा प्रश्न त्या गणिताचाच आहे. चारा मुबलक असेल तर हरणांचा कळप वर्षाला शेकडा तीसपर्यंत वाढू शकतो. शंभरांचे तीन वर्षांत दोनशे वीस होतात, पाच वर्षांत पावणेचारशेच्या घरात जातात. हे थोपवायचे तर दरवर्षी त्याच प्रमाणात जनावरे कमी झाली पाहिजेत, आणि त्यांत माद्या पाहिजेत. एक नर अनेक माद्यांना पुरतो. तेव्हा भव्य शिंगांचा नर टिपून त्याचे शीर भिंतीवर लावणाऱ्या शिकाऱ्याने कळपाची वाढ तसूभरही थांबत नाही. आपल्या सभागृहातल्या त्या शिराविषयी सरांना जे अंतःप्रेरणेने वाटत होते, त्याला असा एक हिशेबी आधारही आहे.

हरणे मोठी झाडे खात नाहीत, रोपे खातात. त्यांतही निवड असते. पाटे, माहोए असा रुंद कोवळा पाला आधी जातो. बाहेरून पाहणाऱ्याला रान हिरवेगार दिसते. आत गेल्यावर लक्षात येते की, वर छत आहे आणि खाली कोणी नाही. वृद्ध झाडे उभी आहेत, मधल्या वयाची नाहीत, लहान तर नाहीतच. वृद्ध झाड पडले की त्याची जागा घ्यायला कोणी नाही. वनशास्त्रज्ञांनी ठिकठिकाणी रानाचे तुकडे उंच जाळीने बंदिस्त केले आहेत. जाळीच्या आत रोपांची दाटी आणि बाहेर नुसता पाचोळा, हे मी डोळ्यांनी पाहिले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला आपल्या शाळेचे पटपत्रक आठवले. मराठी माध्यमाच्या वर्गांत आता किती मुले उरली आहेत, ते आपण जाणता. पण तो आजचा विषय नाही.

तेथील सरकारला जाग यायला बराच काळ लागला. ज्या हरणांना कायद्याचे संरक्षण होते त्यांचे ते संरक्षण १९३० मध्ये पूर्णपणे काढून घेतले गेले. त्याच वर्षी क्राइस्टचर्चला हरणांच्या उपद्रवावर परिषद भरली आणि पुढच्या वर्षापासून सरकारी पगारी शिकारी डोंगरांत शिरले. पुढील काही दशके ही माणसे पाऊसपाण्यात तंबूंत आणि लाकडी झोपड्यांत राहून हरणे मारीत होती. कातडी काही वेळा काढून आणली जात. मांस जागीच कुजत असे. त्यांच्यासाठी उभारलेल्या झोपड्यांपैकी कितीतरी आज डोंगरयात्रिकांच्या उपयोगी पडतात. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. डोंगरांची जी धूप होत होती तिचे खापर त्या काळी सरसकट हरणांच्या माथी फोडले गेले. पुढील संशोधनाने दाखवले की, त्या तरुण, भूकंपप्रवण आणि अतिवृष्टीच्या पर्वतांत बरीचशी धूप हरणे येण्यापूर्वीही होतच होती. खऱ्या अपराध्यावरही खोटे आरोप लादले जातात.

साठाच्या दशकात हेलिकॉप्टर आले आणि चित्र पालटले. पश्चिम जर्मनीत हरणाच्या मांसाला मागणी होती. टिम वॉलिससारख्या धाडसी उद्योजकांनी दऱ्याखोऱ्यांतून हरणे टिपून, दोराला टांगून खाली आणण्याचा व्यवसाय उभा केला. त्यात पैसा होता आणि मृत्यूही होता. अनेक वैमानिक आणि बंदूकधारी त्यात गेले. पण सरकारी शिकाऱ्यांना तीस वर्षांत जे साधले नव्हते ते या बाजाराने थोड्या वर्षांत साधले. उघड्या डोंगरमाथ्यांवरची हरणे झपाट्याने घटली. १९६९ मध्ये हरणे पाळण्याची कायद्याने मुभा मिळाली, तेव्हा तीच हेलिकॉप्टरे जिवंत हरणे जाळ्यात पकडून आणू लागली. ज्या जनावराला उपद्रवी म्हणून मारायला माणसे पगारावर नेमली होती, तेच आता शेतकऱ्याच्या कुंपणात दामदुपटीने विकले जाऊ लागले. रानातली हरणे मात्र संपली नाहीत. मांसाचा भाव पडला की हेलिकॉप्टरे जमिनीवर उतरत, आणि गर्द झाडीतले हरीण वरून दिसत नसे ते नसेच. तेथे पायी जाणारा शिकारी लागतो.

२०१७ च्या मार्चअखेरीस माझी मुलगी कामानिमित्त क्राइस्टचर्चला होती, म्हणून मी तिकडे गेलो. तिनेच त्याला कळवले. तो मोटार घेऊन दारात उभा राहिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, दोन दिवस माझ्याबरोबर चला. चालणे फार नाही." त्या पत्राचा विषय त्याने काढला नाही, मीही काढू शकलो नाही.

त्याच्याकडून जे शिकलो ते सांगतो. सरकारी संवर्धनभूमीवर शिकारीसाठी परवाना लागतो, तो विनामूल्य मिळतो. बंदुकीचा परवाना मात्र सहज मिळत नाही. परीक्षा द्यावी लागते, आणि त्याच्या वेळी पोलिसांनी घरी येऊन त्याच्या पत्नीला एकटीला बसवून प्रश्न विचारले होते. "तिने माझ्याविषयी काय सांगितले, ते अजून सांगत नाही," असे तो म्हणाला. बंदूक सदैव भरलेलीच आहे असे समजून हाताळावी, आणि लक्ष्य काय आहे याची निःसंशय खात्री झाल्याशिवाय चापाला बोट लावू नये, हे तेथले मूलभूत नियम. झाडीत हललेली वस्तू माणूस असू शकते. हरीण समजून माणूस मारल्याच्या घटना तेथे घडल्या आहेत. दशरथाला शब्दवेधाचे जे फळ मिळाले ते आपण जाणतोच. हे सांगताच तो हसला आणि म्हणाला, "सर, आमच्या सुरक्षिततेच्या वर्गात श्रावणबाळाची गोष्ट सांगायला हवी."

पहिल्या संध्याकाळी दरीतून नराचे ओरडणे ऐकू आले. तो त्यांचा माजाचा काळ. थोड्याच वेळात तो नर उघड्यावर आला. त्याने दुर्बीण माझ्या हाती दिली आणि बंदूक उचललीच नाही. रात्री झोपडीबाहेर त्याने आकाश दाखवले. मृग नक्षत्र उत्तरेकडे पालथे पडले होते. दक्षिण गोलार्धात ते तसेच दिसते. युरोपीयांना त्याच ताऱ्यांत शिकारी दिसला, आपल्या पूर्वजांना बाण लागलेले हरीण दिसले आणि व्याध त्याच्यापासून दूर ठेवावासा वाटला. मी बोलत होतो, तो ऐकत होता, वर्गात ऐकत असे तसाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगराच्या धारेवर दोन माद्या दिसल्या. त्याने पुष्कळ वेळ वाट पाहिली. धारेवरच्या जनावरामागे आकाश असते. चुकलेली गोळी कोठे जाईल, याचा भरवसा नसतो. एक मादी मोठी होती, तिच्यामागे पिल्लू होते. तिला त्याने सोडले. दुसरी दीड वर्षाची, एकटी, खाली उताराला आली. एकच गोळी. ती दोन पावले गेली आणि बसली. मी डोळे मिटले नाहीत, एवढेच माझ्या बाजूने सांगतो.

यानंतरची घाई मला अनपेक्षित होती. मांस नासते ते आतल्या उष्णतेने आणि आतड्यांतल्या घाणीने. म्हणून पोट तत्काळ साफ करायचे, आतडे फुटू द्यायचे नाही, रक्त वाहून जाऊ द्यायचे, अंग सावलीत वाऱ्याला टांगायचे, माशीपासून कापडाने झाकायचे. पशुवैद्याच्या सवयीने त्याने मानेतल्या आणि छातीतल्या गाठी चिरून पाहिल्या. गुरांचा क्षय तेथे रानटी जनावरांतही आढळतो. जखमेभोवतीचा भाग हातभर कापून टाकला. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात, म्हणून तो तांब्याची गोळी वापरतो, तरी कापतोच. शिवाय त्या देशात उपद्रवी प्राण्यांसाठी विमानातून विषारी आमिष टाकले जाते. त्या टापूंत शिकार करू नये, म्हणून कोठे कधी विष टाकले याचे नकाशे आधी पाहावे लागतात. साधारण सत्तर किलोच्या त्या जनावरापासून हाडाविना पंचवीस किलोच्या आसपास मांस निघाले.

एवढे मांस ओझ्याच्या पिशव्यांत भरून दोन तास खाली यायचे होते. मी एक पिशवी मागितली. तो नको म्हणाला. मी म्हणालो, "मी खाणार नाही, पण वाहू शकतो." त्याने सर्वांत हलकी पिशवी माझ्या पाठीवर बांधली. पहिल्या चढावर थांबलो तेव्हा मी त्याला म्हणालो, "ती ओळ मी लिहायला नको होती." तो म्हणाला, "सर, पट्टा खांद्याला काचतोय का?" आणि त्याने तो सैल करून दिला.

हे मांस त्याला विकता येत नाही. हौशी शिकाऱ्याने मारलेले जनावर बाजारात आणण्यास तेथे बंदी आहे. विक्रीसाठी वेगळी नोंदणी, तपासणी आणि कारखाना लागतो. स्वतः खावे किंवा सप्रेम द्यावे. घरी आल्यावर त्याने आणि त्याच्या पत्नीने राणेचे तुकडे, खिमा, नळ्या वेगवेगळ्या बांधल्या. हे मांस चरबीहीन असते, म्हणून राणेचे तुकडे क्षणभरच तव्यावर टाकायचे आणि नळ्या रात्रभर मंद शिजवायच्या, असे ती सांगत होती. फियोर्डलँडमध्ये वापिटीच्या क्षेत्राची देखरेख करणारी संस्था जादा हरणे कमी करताना ते मांस खिमा करून गरजूंच्या अन्नपेढ्यांना देते. मांस जागीच कुजू देणाऱ्या जुन्या पद्धतीशी तुलना केली तर हा फरक लहान नाही.

आता आपल्या चितळाकडे येतो. हा देखणा प्राणीही परदेशी मोकाट झाला आहे. १८६८ मध्ये हवाईच्या पाचव्या कामेहामेहा राजाला भेट म्हणून तो मोलोकाई बेटावर गेला; १९५९ मध्ये माउईवर सोडला गेला. आज तेथे त्याचे हजारोंचे कळप आहेत. २०२१ च्या आरंभी दुष्काळात मोलोकाईवर शेकडो चितळ उपासमारीने मेले आणि गव्हर्नरांना आपत्ती जाहीर करावी लागली. माउईवर 'माउई नुई व्हेनिसन' हा उद्योग रात्रीच्या वेळी, सरकारी निरीक्षकाच्या उपस्थितीत चितळ टिपून त्यांचे मांस बाजारात आणतो. मोलोकाईच्या त्या दुष्काळाचे वर्णन वाचले तेव्हा दयेविषयीची माझी कल्पना थोडी हलली. गोळीने मरणे आणि खुरांखालचे गवत संपून आठवडे आठवडे झिजून मरणे, या दोहोंत निवड करायची वेळ आली तर हात न उचलणारा निर्दोष राहतो, असे मी आता छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

हा प्रश्न भारतातही आहे, पण एका कोपऱ्यात. अंदमानात चितळ मुळात नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ते शिकारीसाठी नेले. तेथेही त्यांना खाणारे कोणी नाही. रॉस बेटावर, ज्याला २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात, पर्यटक त्यांना हाताने खाऊ घालतात आणि कौतुकाने छायाचित्रे घेतात. इतर बेटांवर हेच चितळ, आणि इंटरव्ह्यू बेटावर एका लाकूडकंपनीने सोडून दिलेले हत्ती, रोपे वाढू देत नाहीत, हे परिसरशास्त्रज्ञ रौफ अली यांनी वर्षानुवर्षे मांडले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेथेही लागू आहे. चितळ मूळचा कान्हाचा की रॉस बेटावर आणलेला, हे त्याच्या संरक्षणाला विचारावे लागत नाही.

माझे म्हणणे कोणी भलत्याच ठिकाणी नेऊ नये, म्हणून स्पष्ट सांगतो. कान्हातला चितळ आपल्या घरी आहे. त्याच्या मागावर वाघ आहे, बिबळ्या आहे, कोळसुंद्यांची टोळी आहे. तेथे माणसाच्या बंदुकीची गरज नाही आणि आपला कायदा तिला मज्जाव करतो ते योग्यच आहे. आपल्याकडची शिकार कशी असते, हे वडिलांच्या वह्यांत मी वाचले आहे. त्यांत रोपांचा हिशेब कोठेही नाही.

त्या वह्यांतली एक मी त्याला नंतर पाठवली. गेल्या वर्षी त्याने कळवले की, शिकारीवरून आला की तोही आता तशी नोंद ठेवतो. दिनांक, दरी, नर की मादी, वय, पोटात गर्भ होता की नाही, मांस कोणाला दिले. पहिल्या पानाचे छायाचित्र सोबत होते. नोंदी देवनागरीत आहेत. 'मादी' हा शब्द त्याने ऱ्हस्व लिहिला आहे. तेवढे मी कळवले आहे.